पूर्व स्टँडचे सहा नळ

मागच्या रविवारी माझी नात आर्या परदेशातून फोनवर सांगत होती, की स्टेडियममध्ये तिने आणि तिच्या भावाने, निहालने, मिळून एक पाण्याची बाटली आणि एक सॉसेजचा पाव घेतला, आणि तेवढ्या पैशांत घरी आठवडाभराची भाजी आली असती. "पाव गार होता, आजी," असंही ती म्हणाली. मग विचारलं, "तुमच्या पुण्यात स्वस्त होतं ना?"

उत्तर लांबलचक होतं आणि निहालला पोहायला जायची घाई होती. इकडे दिवाळी अंकाचे संपादक नोकरीतले अनुभव लिहून द्या म्हणून दोनदा सांगून गेले होते. तेव्हा एकाच कागदात दोन्ही कामं उरकते. मुलांनो, वाचताना अडलंत तर आईला विचारा. बाबांना विचारू नका, त्याचं मराठी मला माहीत आहे.

मी तीस वर्षं अन्न निरीक्षक होते. लोक जे खातात त्यात खाण्याखेरीज आणखी काही आहे का, हे पाहण्याचा मला पगार मिळायचा. माझे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढच्याच जूनमध्ये वडिलांनी मला कॅम्पातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथल्या सिस्टरांनी दोन गोष्टी कायमच्या शिकवल्या: समास सोडायचा, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळे एका माणसाचं नुकसान झालं. ते पुढे सांगते.

आधी कामाची पद्धत. निरीक्षकाने नमुना फुकट उचलायचा नसतो. इतरांसारखे पैसे देऊन विकत घ्यायचा, त्याचे तीन सारखे भाग करून तीन बाटल्यांत भरायचे, दोरा बांधायचा आणि लाख वितळवून सील करायचं. एक बाटली प्रयोगशाळेत, दोन कपाटात. हे सगळं दोन साक्षीदारांसमोर. त्यांना पंच म्हणतात. भर दुपारी मेणबत्तीवर लाख धरून बसलेली पाचवारी साडीतली बाई पाहून लोकांना वाटायचं, कसलातरी विधी चाललाय. एका गृहस्थांनी जाता जाता नमस्कारही केला होता. समोशांचा नमुना घ्यायचा तर एका समोशात भागत नाही. मी डझनभर मागितले तेव्हा स्टॉलवरचा माणूस आपुलकीने म्हणाला, "मॅडम, बांधून देऊ का? घरी चटणी आहे ना?"

मी नोकरीला लागले तेव्हा सामन्याला जाणारी माणसं घरून डबा नेत. पोळीची गुंडाळी, चिवडा, फिरकीच्या तांब्यात पाणी. आत एक चहावाला आणि एक शेंगदाणेवाला. शेंगदाण्यांत खडे निघत, पण ते फुकट असत. नव्वदीनंतर सगळं बदललं. टीव्हीवर नवे चॅनेल आले, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, सामन्याभोवती जाहिरातींच्या पाट्या उभ्या राहिल्या आणि स्टेडियमच्या दारावर माणसं उभी राहिली, जी तुमची पिशवी उघडून डबा आणि पाणी काढून घेत. कारण सुरक्षिततेचं. बाटली फेकून मारता येते हे खरंच आहे. पोळीची गुंडाळी फेकून कोणाला काय होणार, हे मी एका दारवानाला विचारलं होतं. तो म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, मॅडम."

आतल्या खाण्यापिण्याचं सगळं कंत्राट एकाच माणसाकडे गेलं. त्याला सगळे राजाभाऊ म्हणत. गोरा, हसतमुख माणूस, मला कधी उभं ठेवलं नाही, खुर्ची पुढे करायचा. पण त्याचं सँडविच मी एकदा उघडून पाहिलं. चटणी आणि काकडी फक्त कापलेल्या बाजूला होती, जी कागदातून दिसते. मागचा अर्धा भाग कोरा पाव. प्रयोगशाळेचा अहवाल आला: भेसळ नाही. बरोबरच होतं. भेसळ करायला आत काहीतरी असावं लागतं.

बाहेर रुपयाला मिळणारा पाण्याचा पाउच आत पाच रुपयांना होता. त्यावर मी काही करू शकत नव्हते, कारण किंमत हा वजनमापवाल्यांचा विषय आणि दर्जा आमचा. लोकांना दोन्ही एकाच घासात लागायचं, सरकारात त्याला दोन खाती होती. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. पॅव्हेलियनमध्ये पाहुण्यांना फुकट मिळणारं जेवण उत्तम असे. गरम, झाकलेलं, गाजर हलव्यात खरं तूप. जितकं तिकीट स्वस्त, तितकं खाणं महाग आणि वाईट. सर्वांत स्वस्त तिकीट पूर्व स्टँडचं. तिथे छप्पर नव्हतं. सकाळपासून ऊन तोंडावर.

त्या स्टँडखाली पिण्याच्या पाण्याचे सहा नळ होते. मोठा सामना असला की त्यांची तपासणी आमच्याकडे यायची. आदल्या दिवशी जायचं, नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे, पिण्यायोग्य आहे. मग सहीचं प्रमाणपत्र नळावरच्या भिंतीला डकवायचं. मार्चमधल्या एका एकदिवसीय सामन्याच्या आदल्या दिवशी मी हे सगळं केलं. सहाही नळांना छान धार होती.

तिथे पाणी सोडण्याचं आणि बंद करण्याचं काम पाणीपुरवठा खात्याच्या नामदेव या चावीवाल्याकडे होतं. चावीवाला म्हणजे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने फिरवणारा माणूस. त्याच्या हातावर अर्ध्या पुण्याची आंघोळ अवलंबून असते, आणि पाणी आलं नाही की पहिली शिवी त्यालाच. नामदेव हडपसरहून सायकलने यायचा, चावी सायकलच्या दांडीला बांधून. बरीच वर्षं रोजंदारीवर होता. कायम करायच्या माणसांची यादी त्या वर्षी लागणार होती आणि सेवेत खंड पडला नाही तर त्याचं नाव तिच्यात येणार होतं. मी भेटले की तो आधी इकडेतिकडे बघायचा, आणि कोणी नसलं तर हळूच "जय भीम, मॅडम" म्हणायचा. कोणी असलं तर नुसतं "नमस्कार".

सामन्याच्या दिवशी सकाळी मी पॅव्हेलियनच्या स्वयंपाकघरात होते. अकराच्या सुमारास पूर्व स्टँडखाली आले तर नळांपुढे पन्नासेक माणसं उभी, आणि सहाही नळ कोरडे. जिन्यावर एका बाईला पदराने वारा घालत बसवलं होतं. शेजारीच राजाभाऊंचा स्टॉल. तिथे पाउचना रांग.

नळापाशी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. डोक्यावर भिजवायचा राहिलेला कोरडा रुमाल, बगलेत एक लांबट वही. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी वाचलं, मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राची सही वाचली.

"या आपणच का?"

"हो."

"मग सांगा, हे प्रमाणपत्र प्यायचं कसं? थेट, की गाळून?"

मी त्यांना म्हटलं, "आपण म्हणता ते खरं आहे. मी आत्ता पंचनामा करते. नळ बंद असल्याचे साक्षीदार म्हणून आपण सही कराल का?"

"पंच दोन आहेत, पांढरे कोट घालून मैदानात उभे आहेत, त्यांना विचारा. मी तिकीट काढून आलोय," असं म्हणून ते जिना चढून गेले. बाकीच्यांना विचारलं. ही ओव्हर होऊ दे, म्हणाले. ती झाली, पुढची सुरू झाली. तक्रार करायला पन्नास जण होते, सही करायला कोणी नाही. अशा वेळी राग येऊ द्यायचा नसतो. मलाही दुसऱ्याच्या कागदावर सही करायला आवडत नाही.

नामदेव स्टँडच्या मागे व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी सावलीत बसला होता.

"चावी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडंच हाय."

"पाणी कोणी बंद केलं?"

"मीच."

"का?"

"साहेबांचा निरोप आला. लाइन लीक हाय, बंद ठेव."

"साहेब स्वतः आले होते?"

"न्हाई. राजाभाऊंच्या स्टॉलवरचा टोपीवाला निरोप घेऊन आला."

"लेखी आहे काही?"

तो हसला. "मला लेखी कोण देतंय, मॅडम? माझी नोकरीसुद्धा तोंडीच चाललीय."

लाइन कुठेही गळत नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "उघडा."

तो उठला नाही. म्हणाला, "तुमचं खातं वेगळं. उद्या मला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरनं उघडला, तर? तुम्ही लेखी द्या."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: नामदेव यांनी बंद केलेला व्हॉल्व्ह लोकांची गैरसोय लक्षात घेता त्वरित उघडावा. खाली सही, हुद्दा, वेळ. त्याने ती चिठ्ठी दोनदा घडी करून टोपीत ठेवली आणि चावी फिरवली. नळांना आधी खोकल्यासारखी हवा आली, मग पाणी. जिन्यावरच्या त्या बाईने दोन ओंजळी तोंडावर मारल्या आणि उठून परत सामना बघायला गेली.

राजाभाऊ आले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, माझा पाच हजार पाउच बर्फात पडलाय. आधी एक शब्द बोलला असतात."

"लाइन लीक आहे असा निरोप तुमच्या माणसाने आणला होता?"

"छे हो. तो वडे तळतो. त्याला लाइनचं काय कळतंय?" आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही, एवढंच त्या दिवशी माझ्याकडून बरोबर झालं.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसले. नळ तपासणीच्या अहवालाचा नमुना छापील होता. व्हॉल्व्हची स्थिती: बंद. चावीचा ताबा: नामदेव. जबाबदार कर्मचारी: आणि पुढे एक रिकामी ओळ. कोणाच्या सांगण्यावरून, असा रकानाच नव्हता. साक्षीदारही नव्हता. ऐकीव गोष्ट अहवालात लिहायची नाही हा नियम मी नवीन मुलांना शिकवत असे. निघताना नामदेवने विचारलं होतं, "रिपोर्टात माझं नाव येईल का?" मी उत्तर दिलं होतं, "जे घडलं ते येईल."

रिकाम्या ओळीत मी नामदेवचं नाव लिहिलं. आणखी एक गोष्ट इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. ओळ मोकळी सोडावी असं क्षणभर मनात आलं होतं. पण तो आपल्यातला माणूस म्हणून मॅडमने सांभाळून घेतलं, असं कचेरीत कोणी म्हणू नये, याची मला त्याच्या नोकरीपेक्षा जास्त काळजी होती.

आठवड्यात त्याला कामावरून कमी केलं. लेखी आदेश नसताना पाणी बंद केलं, हे कारण. त्याने टोपीतली चिठ्ठी दाखवली. त्याच्या बाजूचा तो एकमेव कागद, आणि त्यातच माझ्या अक्षरात होतं, नामदेव यांनी बंद केलेला व्हॉल्व्ह. त्याच्या साहेबांनी ती अहवालाला पुरावा म्हणून जोडून घेतली. आपण कोणाला निरोप दिलाच नव्हता, असंही साहेबांनी लिहून दिलं.

तो माझ्या कचेरीत आला. रडला नाही, भांडला नाही. टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही खोटं न्हाई लिहिलं, मॅडम. फक्त अर्धं लिहिलं."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एक पत्र आलं होतं: 'कोरड्या नळास प्रमाणपत्र देणाऱ्या निरीक्षकबाईंचे अभिनंदन.' खाली आपटे, वारजे. प्रमाणपत्र कसं प्यायचं, हा प्रश्न त्यातही होता, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. तेव्हा टेलिफोनची जाड डिरेक्टरी असे. तिच्यातून पत्ता काढला आणि वारज्याला गेले. नवीच इमारत होती, जिन्याला अजून कठडा नव्हता.

आपट्यांनी दार उघडून मला ओळखलं. "पत्राचा खुलासा छापायचा असेल तर संपादकांकडे जा."

"खुलासा नाही. पत्रातलं सगळं खरं आहे."

तेव्हा त्यांनी मला आत घेतलं. मी नामदेवचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती लांबट वही काढली. हे गृहस्थ वेधशाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर तापमान आणि पाऊस टिपला, आता प्रत्येक सामना चेंडूगणिक टिपत. वहीला समास होता. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'षटक २ संपले. पाणी पिण्यास खाली. ओंजळ धरली असता धार बारीक होऊन बंद. स्टॉलवरील टोपीवाला चावीवाल्यास: साहेबांनी बंद ठेवायला सांगितलंय. चावीवाला: लेखी आहे का? टोपीवाला: लेखी कशाला, पाण्याला? परत येईपर्यंत एक गडी बाद. चुकला.'

नामदेवने त्यालाही लेखी मागितलं होतं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

"ही वही मला द्याल?"

"वही घराबाहेर जात नाही."

"मग एका माणसाची नोकरी जाते."

त्यांनी वही मिटून बगलेत धरली. मग म्हणाले, "वही माझ्याबरोबर जाऊ शकते. तुमच्याबरोबर नाही."

नामदेवच्या खात्याने ठेवलेल्या फेरचौकशीच्या दिवशी आपटे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि वही मांडीवर धरून बसले. मी आधी माझं म्हणणं लेखी दिलं, की माझा अहवाल अपुरा होता. हे वाक्य लिहायला मला एक अख्खा रविवार लागला होता. चौकशी अधिकाऱ्यांनी समास वाचला आणि म्हणाले, "अहो, क्रिकेटची वही हा पुरावा कसा धरायचा?"

"नका धरू," आपटे म्हणाले. "तुमच्या खात्याकडे त्या दिवसाची दुसरी कुठली वही असेल तर ती काढा. मी थांबतो."

दुसरी वही नव्हती. नामदेवला परत घेतलं. पण मधे चार महिने गेले होते, सेवेत खंड पडला होता आणि यादी लागून गेली होती. त्याची वर्षं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली. राजाभाऊंना पुढच्या सामन्याचंही कंत्राट मिळालं. त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

त्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, म्हणून मी तीनदा पत्र दिलं. उत्तर आलं नाही. मग निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अहवालात 'चावीचा ताबा' याच्या खाली पट्टीने रेघ मारून मी हाताने लिहीत राहिले: कोणाच्या सांगण्यावरून. माझ्या जागी आलेली मुलगी अजून रेघ मारते का, माहीत नाही. आणि नळाची तपासणी मी आदल्या दिवशी करणं सोडून दिलं. सामना सुरू झाल्यावर जायची, आणि स्वतः पाणी पिऊन मगच कागद डकवायची. याने माझं पोट दोनदा बिघडलं.

नामदेव नंतर ते काम सोडून गेला. तुमचे बाबा खराडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला असताना व्हिसाच्या दिवशी पासपोर्ट घरी विसरले होते, तो घेऊन मी तिथे गेले. फाटकाशी निळ्या गणवेशात नामदेव. टाक्या आणि पंप त्याच्याकडे होते. केस पांढरे झाले होते, चावी तशीच लांब. शेजारी दोन पहारेकरी उभे होते. त्यांच्यादेखत, नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, "जय भीम, मॅडम." मीही म्हटलं.

मी विचारलं, "इथे तरी लेखी मिळतं का?"

"मिळतं की. सगळं मेलवर. वरचे साहेब छापून देतात." त्याने खोलीतून एक फाइल आणली. कागद तारखेवार लावलेले. माझ्या शाळेतल्या सिस्टरांनी शाबासकी दिली असती. "इंग्रजी येत न्हाई मला, पण एक कागद टाकत न्हाई. हा आजच आलाय. बघा बरं, काय म्हणतात?"

मी वाचला. तळमजल्यावर, फाटकाजवळ, ड्रायव्हर आणि कुरिअरवाले ज्या नळावर पाणी पीत, तो सोमवारपासून बंद करावा. कँटीनमध्ये बाटल्या उपलब्ध आहेत. मी त्याला मराठीत सांगितलं.

"हाच नळ होय?" त्याने मागे वळून पाहिलं. नळावर एक रिक्षावाला तोंड धूत होता. "खाली नाव हाय का कोणाचं?"

"आहे. नाव, हुद्दा, वेळ, सगळं आहे."

"मग झालं," तो म्हणाला. कागदाला भोकं पाडून त्याने तो फाइलीत लावला, आणि सोमवारला अजून तीन दिवस होते म्हणून नळ चालू ठेवून मला एक पेला पाणी आणून दिलं.

तर आर्या, स्वस्त होतं का, हे तू विचारलंस. त्या सहा नळांचं पाणी फुकट होतं. तुमच्या स्टेडियममध्येही कुठेतरी एखादा नळ असेल. पुढच्या वेळी बाटली घेण्याआधी तो शोधा. कोरडा निघाला तर जवळच्या माणसावर चिडू नका. त्याला आधी विचारा, कोणी सांगितलं, आणि तो जे सांगेल ते पूर्ण लिहून घ्या.